ज्ञानेंद्रियांचे मोजमाप आणि कामगार

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय कळवावयास सांगितले, तेव्हा आम्ही 'माणसाची संवेदना आणि तिचे संशोधन' असे लिहून पाठविले. चालकांपैकी एका स्नेह्याने लगेच विचारणा केली, की संवेदना म्हणजे आपणांस कामगारांच्या भावना म्हणावयाच्या आहेत काय? तसे नव्हे. संवेदना म्हणजे डोळ्याला दिसणे, कानाला ऐकू येणे, हाताला जड-हलके कळणे, कातडीला टोचणे. या साध्या गोष्टींचा मापे घेऊन अभ्यास दोनशे वर्षे चालू आहे, आणि तो कोणा एका शास्त्राने केलेला नाही. खगोलशास्त्रज्ञ, शरीरशास्त्रज्ञ, पदार्थविज्ञानी, कानाचे डॉक्टर, मानववंशशास्त्रज्ञ, टेलिफोनचे इंजिनिअर, मानसशास्त्रज्ञ अशी नाना पंथांची माणसे या एकाच वाटेवरून गेली, आणि पुष्कळदा एकमेकांची ओळखही नसताना गेली. आमचे शाळेचे शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून, नगर वाचनालयातून आणि रद्दीवाल्याच्या गाड्यावरून. तेव्हा या सभेत जे प्राध्यापक बसले असतील त्यांनी आमच्या शब्दांची चूक पोटात घालावी. हकिगतीत चूक सापडली तर मात्र सोडू नये.

यंत्रमाग कामगारांत उभा जन्म काढलेल्या माणसाने हा विषय का घेतला, ते पुढे येईलच. आधी एका नोकरीवरून काढलेल्या माणसाची गोष्ट सांगतो.

इंग्लंडात लंडनजवळ ग्रीनिच येथे सरकारी वेधशाळा होती. १७९४ साली तेथे डेव्हिड किनेब्रुक नावाचा नॉर्विच गावचा एक तरुण मदतनीस म्हणून लागला. मुख्याधिकारी होते नेव्हिल मॅस्केलिन, राजाचे खगोलशास्त्रज्ञ, या कामात मुरलेले गृहस्थ. वेधशाळेचे काम हौसेचे नव्हते. तारा मध्यरेषा ओलांडतो तो क्षण टिपावयाचा, त्यावरून घड्याळ लावावयाचे, आणि त्या वेळेवर जहाजांची पंचांगे तयार व्हावयाची. भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम कोठे आहोत हे खलाशी त्या पंचांगांवरून काढीत.

तो क्षण टिपण्याची रीत मोठी अवघड होती. दुर्बिणीच्या भिंगात बारीक उभ्या तारा ताणलेल्या असत. निरीक्षकाने आधी घड्याळात पाहून सेकंद लक्षात घ्यावयाचा, मग डोळा दुर्बिणीला लावावयाचा आणि कानाने घड्याळाचे टोले मोजीत राहावयाचे. एका टोल्याला तारा तारेच्या अलीकडे कोठे होता आणि पुढच्या टोल्याला पलीकडे कोठे गेला, ही दोन्ही ठिकाणे मनात धरून सेकंदाचा दहावा हिस्सा अंदाजाने लिहावयाचा. म्हणजे डोळ्याने पाहिलेले आणि कानाने ऐकलेले यांची मनात सांगड घालावयाची, तीही रात्री, थंडीत, एकट्याने. ज्याने मागावर उभे राहून एका डोळ्याने ताण्याचा तुटका धागा आणि एका कानाने शेजारच्या मागाचा बिघडलेला ठोका सांभाळला आहे, त्याला या कामाची जात वेगळी सांगावयास नको.

पहिले वर्षसव्वावर्ष मदतनिसाच्या नोंदी साहेबांच्या नोंदींशी जुळत होत्या. १७९५ च्या ऑगस्टपासून किनेब्रुक अर्धा सेकंद उशिरा टिपू लागला. साहेबांनी समज दिली. १७९६ च्या जानेवारीत फरक सेकंदाच्या आठ-दशांशावर गेला. विषुववृत्तावर हिशेब केला तर एवढ्या वेळात पृथ्वीचा पृष्ठभाग साधारण पावणेचारशे मीटर पुढे सरकतो. म्हणजे चूक क्षुल्लक म्हणता येत नाही. मॅस्केलिनने त्याला काढून टाकले आणि वेधशाळेच्या छापील नोंदींत कारण लिहून ठेवले, की मदतनीस कसल्याशा गोंधळाच्या पद्धतीत शिरला आणि ती सोडून परत नीट टिपू लागेल असे दिसत नव्हते. नाइलाजाने काढावे लागले, असाही सूर त्यात आहे. आम्ही अनेक बडतर्फीचे हुकूम वाचले आहेत. त्या मानाने हा सभ्य होता, आणि छापून ठेवण्याचा प्रामाणिकपणा साहेबांत नसता तर आज आम्हांस किनेब्रुकचे नावही कळले नसते. १८०२ साली, तिशीच्या घरात, तो वारला.

आता या गोष्टीतली मेख पाहा. उशीर कोणाचा, हे ठरविले कशावरून? साहेबांच्या नोंदीवरून. साहेब आठ-दशांश सेकंद लवकर टिपीत असतील, अशी शंका त्या वेधशाळेत कोणासही आली नाही. येण्याचे कारणही नव्हते. साहेबांचा डोळा आणि साहेबांचा कान हेच तेथले प्रमाण होते. कारखान्यात फाटकावरचे घड्याळ पुढे आहे की कामगार मागे आहे, या वादात घड्याळाची बाजू नेहमी जिंकते, कारण ते ज्याच्या भिंतीवर लटकलेले असते तोच हजेरी मांडतो.

वीस वर्षांनी ही हकिगत जर्मन भाषेत ग्रीनिचच्या इतिहासाबरोबर छापली गेली आणि प्रशियातल्या कोनिग्सबर्ग येथील वेधशाळेचा प्रमुख फ्रीड्रिख बेसेल याच्या वाचनात आली. बेसेलविषयी आम्हांस विशेष जिव्हाळा आहे. चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो ब्रेमेन शहरी एका व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवार म्हणून राहिला होता. दिवसा पेढीचे हिशेब आणि रात्री स्वतःच्या हिमतीवर नौकानयन, गणित आणि खगोल. विद्यापीठाची पायरी न चढता तो विद्यापीठाच्या वेधशाळेवर जाऊन बसला. त्याला प्रश्न पडला तो असा: किनेब्रुक आळशी नव्हता, साहेबही आळशी नव्हते, मग फरक आला कोठून? १८२०-२१ च्या हिवाळ्यात त्याने वालबेक नावाच्या दुसऱ्या अनुभवी निरीक्षकाबरोबर तेच तारे टिपून पाहिले. फरक निघाला एका सेकंदाहून थोडा जास्त. १८२३ साली आर्गेलांडर या तितक्याच निष्णात माणसाबरोबर पाहिले, तर १.२ सेकंद! म्हणजे ज्या फरकासाठी किनेब्रुकची नोकरी गेली त्याच्या दीडपट फरक दोन नामांकित विद्वानांत होता, आणि त्यांतल्या कोणासही कोणी काढून टाकले नाही.

बेसेलने दोष माणसाच्या माथी न मारता हिशेबात घातला. अमुक निरीक्षकाची नोंद तमुक निरीक्षकाच्या नोंदीशी जुळवावयाची तर इतके मिळवा, इतके वजा करा. यास पुढे 'व्यक्तिसमीकरण' असे नाव पडले. दोन माणसांत फरक किती एवढेच यातून कळते. खरा क्षण कोणी टिपला, हे त्या रीतीने कळतच नाही. युरोपातल्या वेधशाळांनी मग आपापल्या लोकांची अशी समीकरणे काढली. याचे दुसरे अंगही होते. ग्रीनिचला १८३५ पासून १८८१ पर्यंत जॉर्ज एअरी नावाचे अधिकारी होते. त्यांनी विजेचे यंत्र आणले, कळ दाबली की कागदावर खूण होई. निरीक्षकांची समीकरणे नियमाने काढून ठेविली. आणि आकडेमोडीसाठी कोवळी पोरे लावली, ती दिवसभर ठरल्या छापील तक्त्यांत बेरजा-वजाबाक्या करीत. वेधशाळेचा कारखाना झाला. किनेब्रुकला न्याय मिळाला तो असा, की पुढच्या प्रत्येक किनेब्रुकचे माप आधीच वहीत लिहिले जाऊ लागले.

येथून प्रश्न आकाशातून उतरून शरीरात शिरला. दिसणे आणि कळणे यांच्यामध्ये वेळ जातो काय, आणि जातो तर किती? योहानेस म्युलर हा त्या काळचा जर्मनीतला सर्वांत मोठा शरीरशास्त्रज्ञ म्हणत असे, की मज्जातंतूतला संदेश इतका वेगवान असावा की त्याचे माप घेणे माणसाच्या हाती नाही. त्याचाच शिष्य हेर्मान हेल्महोल्ट्झ, पूर्वीचा लष्करी डॉक्टर, बेसेलच्याच कोनिग्सबर्ग गावी नोकरीस आला आणि १८५० साली त्याने बेडकाच्या पायाचा मज्जातंतू घेऊन ते माप काढले. एकदा स्नायूच्या जवळ विजेचा झटका द्यावयाचा, एकदा लांबून. स्नायू आखडण्यास किती जास्त वेळ लागला ते पाहावयाचे. वेग निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर. वाफेच्या आगगाडीलाही गाठता येण्याजोगा! माणसाचे मन विजेसारखे क्षणात धावते असे मानणाऱ्या लोकांना ते खरे वाटेना. पुढे स्वित्झर्लंडातल्या न्यूशातेल या घड्याळे बनविणाऱ्या मुलखात हिर्श नावाच्या वेधशाळाप्रमुखाने इशारा मिळाल्यापासून बोट हलेपर्यंतचा वेळ मोजला. प्रकाश पाहून कळ दाबण्यास साधारण पंचमांश सेकंद लागतो, आवाज ऐकून त्याहून थोडा कमी. लाइपझिग येथे १८७९ साली विल्हेल्म वुंटने मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली तेव्हा तिच्या टेबलावरचे यंत्र आणि पद्धत हीच होती. मानसशास्त्राचे इतिहासकार आपल्या शास्त्राची वंशावळ सांगताना किनेब्रुकपासून आरंभ करतात, तो यामुळे. काढून टाकलेला मदतनीस एका शास्त्राचा मूळपुरुष ठरला.

दुसरी वाट हाताने गेली. लाइपझिगचाच शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर याने लोकांच्या हातांवर वजने ठेवून त्यांस विचारले, की कोणते जड? १८३४ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथातला नियम आमच्या हमाल बांधवांस पाठ असल्यासारखा आहे. वजनातली वाढ कळणे हे किती वाढविले यावर नसते. मूळच्या ओझ्याच्या कितव्या हिश्शाने वाढविले यावर असते. हाताने उचलून पाहिले तर साधारण चाळिसावा हिस्सा वाढल्याशिवाय फरक कळत नाही. चाळीस तोळ्यांवर एक तोळा कळतो. चाळीस शेरांवर तोच तोळा कळत नाही, तेथे शेर लागतो. वेबरने कंपासाची दोन टोके कातडीवर ठेवूनही पाहिले. बोटाच्या टोकाला ती दोन-अडीच मिलिमीटर अंतरावरही दोन म्हणून कळतात. पाठीवर चारसहा सेंटिमीटर लांब ठेवली तरी एकच वाटतात. आम्ही हे वाचले तेव्हा मनात आले, की कामाचा बोजा वाढविणाऱ्यांनी वेबर वाचला नसेल, पण त्याचा नियम त्यांना ठाऊक आहे. बोजा एकदम दुप्पट करीत नाहीत. पाठीला कळणार नाही अशा हिश्शाने वाढवितात आणि दर वर्षी वाढवितात.

वेबरच्या पाठोपाठ गुस्टाव फेक्नर आला. हा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. डोळ्यांत उरणाऱ्या रंगीत प्रतिमांचा अभ्यास करण्यासाठी तो रंगीत काचांतून सूर्याकडे पाहात बसे. डोळे गेले, प्रकृती गेली, प्राध्यापकी सुटली, आणि तीनएक वर्षे तो अंधाऱ्या खोलीत डोळे झाकून राहिला. बरा झाल्यावर, १८५० च्या २२ ऑक्टोबरच्या सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या त्याला सुचले, की बाहेरचा जोर गुणाकाराने वाढतो तेव्हा आतली संवेदना बेरजेने वाढते. या एका वाक्यावर त्याने १८६० साली मोठा ग्रंथ काढला. तत्त्ववेत्त्यांनी त्याची थट्टा केली, की संवेदना काय गजाने मोजता? ती थट्टा अगदीच खोटी नव्हती, कारण पुढच्या शतकात फेक्नरचा नियम सगळीकडे लागू पडत नाही असे दिसून आले. परंतु त्या जातीचे गणित टिकले. आवाज मोजण्याचे डेसिबल हे माप १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या इंजिनिअरांनी काढले, तेही असेच चालते. ९० वरून १०० डेसिबल झाले म्हणजे एक नवमांश आवाज वाढला असे नाही. हवेतून येणारी शक्ती दसपट झाली. ९० चे ९३ झाले तरी ती जवळजवळ दुप्पट होते. फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या अहवालात 'केवळ तीनने जास्त' असे लिहिलेले आढळले, तर कामगारांच्या प्रतिनिधीने 'केवळ' या शब्दावर बोट ठेवावे, म्हणून हे सांगितले.

आता कानाकडे येतो.

बेर्नार्दिनो रामात्सिनी नावाचा एक इटालियन डॉक्टर होऊन गेला. त्याच्या घरचा मैल्याचा हौद साफ करणारा माणूस जिवाच्या आकांताने घाई करीत होता. रामात्सिनीने त्याला विचारले, की बाबा, इतकी घाई का? तो म्हणाला, येथे जास्त वेळ राहिलो तर डोळे जातात. त्या एका उत्तरावरून रामात्सिनीने धंद्याधंद्यांतले रोग शोधले आणि १७०० साली त्यांचा ग्रंथ छापला. रोग्याला 'तुझा धंदा कोणता' असे विचारीत जा, असे डॉक्टरांना त्यानेच शिकविले. १७१३ च्या आवृत्तीत व्हेनिसच्या तांबटांविषयी त्याने लिहिले आहे, की दिवसभर तांबे ठोकून त्यांचे कान जड होतात आणि म्हातारपणी पार बहिरे होतात. पुण्याच्या तांबट आळीतून जो कधी गेला असेल त्याला यात नवल वाटणार नाही. पण नवल न वाटणे हाच येथला रोग आहे. धंद्यात कान जातात हे सर्वांस ठाऊक होते, म्हणूनच कोणी ते मोजले नाही.

मोजले ग्लासगोच्या टॉमस बार या कानाच्या डॉक्टरने, १८८६ साली. क्लाइड नदीकाठी तेव्हा जहाजांचे बॉयलर बांधीत. रिबीट मारताना बाहेरून हातोडे बसत आणि एक माणूस बॉयलरच्या पोटात बसून आतून रिबिटाला टेका देई. त्या पोलादी पिंपात बसलेल्या माणसाच्या डोक्यावर काय होत असेल, याची कल्पना करावी. बारने शंभर बॉयलरवाले, शंभर ओतकाम करणारे आणि शंभर पोस्टमन अशी तीन टोळकी घेतली, खिशातले घड्याळ कानापासून किती अंतरावर ऐकू येते ते प्रत्येकाचे पाहिले, आणि साधे प्रश्न विचारले. शंभर बॉयलरवाल्यांत नीट कानांचा एकही निघाला नाही. याच तपासणीत त्याने एक प्रश्न असा विचारला, की सार्वजनिक सभेत बोललेले तुम्हांस ऐकू येते काय? बॉयलरवाल्यांपैकी सुमारे पाऊणशे जणांनी सांगितले, की कष्टाने येते किंवा येतच नाही. पोस्टमनांत असे थोडेच होते.

हा प्रश्न वाचला तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेविले.

कारण असे. वीसबावीस वर्षांपूर्वी आम्ही इचलकरंजीच्या भागात फाटकसभा घेत असू. पाळी सुटण्याच्या वेळी शेडच्या बाहेर उभे राहून बोलावयाचे. एक वयस्क कामगार, सारे त्यांना मामा म्हणत, नेमाने पुढे येऊन बसत आणि आमच्या तोंडाकडे टक लावून पाहात. एकदा मजुरीच्या करारावर हात वर करावयाचे होते. आम्ही प्रस्ताव दोनदा वाचला. ज्यांचा विरोध असेल त्यांनी हात वर करावेत, असे म्हटले. मामांनी हात वर केला. मागाहून कळले, की करार त्यांस हवा होता. आम्ही भर सभेत त्यांस बोललो, की मामा, सभेला झोपायला येता काय? लोक हसले. मामाही हसले. पुढच्या सभेपासून ते येईनासे झाले.

दोन महिन्यांनी त्यांच्या घरी गेलो. चहा झाल्यावर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "त्यास्नी जरा जवळ जाऊन बोला." मामा म्हणाले, "आवाज येतोय की, दादा. पर बोल न्हाई कळत." बत्तीस वर्षे धोट्याचे माग चालविले होते त्यांनी. आम्ही भाषणे जोरात करीत होतो आणि जोर पुरेसा आहे असे समजत होतो.

'आवाज येतो, बोल कळत नाही' या वाक्याचे शास्त्र मागाहून समजले. ते उलगडले गेऑर्ग फॉन बेकेशी याने. हा डॉक्टर नव्हता. हंगेरीच्या टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत कामाला होता. टेलिफोन सुधारावयाचा तर कान कसा चालतो ते कळले पाहिजे, म्हणून मेलेल्या माणसांच्या कानांतली गोगलगाईसारखी नळी उघडून सूक्ष्मदर्शकाखाली त्याने पाहिले. बारीक सुराची लाट नळीच्या तोंडाशी उठते आणि तेथेच विरते, जाड सुराची आत खोलवर जाते. या कामाबद्दल १९६१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक कानात पंधराएक हजार केसाळ पेशी असतात आणि माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कारखान्याच्या गोंगाटाने आधी जातात त्या सेकंदाला चारएक हजार कंपनांच्या आसपासच्या. तेवढ्या उंचीवर आणि तिच्या लगत आपल्या बोलण्यातले स, श, क, त अशा वर्णांचे बारीक घर्षण असते. स्वर खाली असतात, ते शाबूत राहतात. म्हणून माणसाला 'आ' आणि 'ओ' ऐकू येतात, मात्र शब्द कळत नाही. 'संप' आणि 'गप्प' यांतला फरक त्याला ओठ पाहून काढावा लागतो. मामा आमच्या तोंडाकडे टक लावून का पाहात, हे आम्हांस बेकेशीने सांगितले.

आणखी एक शोधमोहीम येथे सांगितली पाहिजे, कारण तिने एक मोठा गैरसमज मोडला. रानटी म्हणविल्या जाणाऱ्या लोकांची ज्ञानेंद्रिये जनावरांसारखी तीक्ष्ण असतात आणि म्हणून त्यांची बुद्धी मंद असते, असे युरोपातले विद्वान सर्रास लिहीत. १८९८ साली केंब्रिजहून हॅडन यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेली. तीत रिव्हर्स, मायर्स आणि मॅकडूगल हे प्रयोगशाळेत शिकलेले लोक होते. त्यांनी तेथल्या लोकांचे डोळे, कान, कातडी यांची मापे घेतली. फरक निघाला तो किरकोळ. दूरचे गलबत बेटावरच्या माणसाला आधी दिसते याचे कारण मुख्यतः सवय. काय पाहावयाचे ते त्याला ठाऊक असते. ऐकण्यात तर ते काहीसे मागेच निघाले, आणि मोत्यांच्या शिंपल्यांसाठी खोल बुड्या मारल्याने त्यांचे कान बिघडले असावेत असा संशय मायर्सने नोंदविला. वंशाचा गुण शोधावयास गेले आणि धंद्याचा रोग हाती आला. हाच मायर्स पुढे १९२१ साली इंग्लंडात औद्योगिक मानसशास्त्राची संस्था काढण्यात अग्रेसर होता. आम्हांस हे योगायोगाचे वाटत नाही.

औद्योगिक मानसशास्त्राची दुसरी शाखा मात्र किनेब्रुकच्या साहेबांकडे परत गेली. वुंटचा शिष्य ह्यूगो म्युन्स्टरबर्ग अमेरिकेत हार्वर्डला प्राध्यापक झाला. ट्रामगाड्यांचे अपघात फार होत, तेव्हा ट्राम हाकणाऱ्यांचे अवधान तपासण्याची एक युक्ती त्याने बसविली आणि १९१३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात सांगितले, की अशा कसोटीने आधीच माणूस निवडला तर अपघात कमी होतील. होतीलही. परंतु ट्राम किती तास हाकावयाची, वेग किती ठेवावयाचा, हे त्या चाचणीच्या टेबलावर येत नव्हते. टेबलावर यावयाचा तो माणूस. म्युन्स्टरबर्गकडे शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उभा केला आणि ही विद्या आपल्या देशात आली. विद्येला आमचा विरोध नाही. मापाला तर मुळीच नाही. बारने मापले नसते तर बॉयलरवाल्यांच्या कानांची दाद कोणी घेतली नसती. आमचे भांडण एवढेच आहे, की माप घेऊन झाल्यावर जो फरक निघतो, तो कोणाच्या खात्यावर लिहावयाचा.

इंग्लंडात आवाजाने आलेला बहिरेपणा भरपाईच्या यादीत यावयास १९७० नंतरचे दशक उजाडले. बारच्या घड्याळानंतर जवळजवळ नव्वद वर्षे. आपल्याकडे १९४८ चा फॅक्टरी कायदा झाला तेव्हा त्याच्या रोगांच्या यादीत शिसे होते, पारा होता, स्फुरद होते, आवाज नव्हता. तो मागाहून घातला गेला. आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादाही नियमांत आली. पण यंत्रमागाच्या पुष्कळ शेडी कामगारांचा आकडा लहान ठेवून कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या, आणि ज्याचे नाव हजेरीपटावर नाही त्याचे कान कोणत्या यादीत शोधणार?

मामांच्या घरून आल्यावर काही महिन्यांनी आम्ही युनियनच्या कचेरीत कानांच्या तपासणीचे शिबिर ठेविले. गावातल्या एका डॉक्टरांनी यंत्र आणले, फी घेतली नाही. चाळीसेक कामगार आले. प्रत्येकाच्या हाती आलेख यावयाचा. डावीकडे रेषा सपाट, आणि चार हजारांच्या आकड्यापाशी खड्डा. कोणाचा उथळ, कोणाचा विहिरीसारखा. कामगारांनी कागद हातात घेतले आणि पहिला प्रश्न डॉक्टरांना न विचारता आम्हांस विचारला: "दादा, ह्यो कागद मालकाकडं जाणार न्हाई न्हवं?" एकाचा मुलगा नुकताच त्याच शेडमध्ये लागला होता. बाप बहिरा असे लिहिलेला कागद फुटला तर दोघांनाही उद्यापासून येऊ नका म्हणतील, अशी भीती. डॉक्टरांचे म्हणणे, की नाव, वय, किती वर्षे काम केले हे लिहिल्याशिवाय भरपाईचा दावा उभा राहात नाही. दोघेही खरे बोलत होते. रात्री अकरापर्यंत वाद चालला. मामा कोपऱ्यात बसून एकेकाच्या ओठांकडे पाहात होते. त्यांना वाद किती कळला ते सांगता येत नाही.

शेवटी कागदांवर नावे घातली नाहीत, नुसते आकडे घातले. आकडे आणि नावे यांची यादी वेगळ्या वहीत लिहिली आणि ती वही आम्ही कचेरीच्या कपाटात कुलूप लावून ठेविली. दावा अजून एकही दाखल झालेला नाही. मामांचा आकडा चौदा आहे.